वेरूळखालचं 'शहर' आणि 4 लाख टनांचा हिशेब

सध्या मराठवाड्यातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मग तो भावकीचा असो, दहावीच्या बॅचचा असो की सोसायटीचा, एक लांबलचक मजकूर फिरतोय. वर दोन फोटो शेजारी-शेजारी लावलेत: एक तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियाचा, दुसरा आपल्या कैलास लेण्याचा. खालच्या मजकुराचा गाळलेला अर्क असा: लोक लाखो रुपये घालून कॅपाडोकियाच्या गुहा बघायला जातात, पण तसंच, किंबहुना त्याहून मोठं भुयारी शहर वेरूळखाली आहे आणि सरकारने ते कुलूपबंद केलंय; पुरावा म्हणून जमिनीतली हवेची भोकं, पाण्याने भरलेली भुयारं, अरुंद बोळ नि जाळी लावलेली दारं. कैलासातून 4 लाख टन दगड 18 वर्षांत काढणं माणसाला शक्यच नव्हतं. तो दगड आसपास कुठेही सापडत नाही. औरंगजेबाची 1000 माणसं 3 वर्षं झटली तरी लेणं तुटलं नाही. दोन्ही ठिकाणं एकाच लुप्त, अतिप्रगत संस्कृतीने खोदली. तेव्हा कॅपाडोकियाला जायची गरज नाही. शेवटी अर्थातच, 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'.

अभिमान आहे, म्हणूनच पुढे पाठवत नाही. एकेक मुद्दा घेऊ.

आधी ते 4 लाख टन, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. कैलासाचा खड्डा साधारण 276 फूट लांब, 154 फूट रुंद आणि मागच्या कड्यापाशी 107 फूट खोल. या तिन्ही आकड्यांचा सरळ गुणाकार केला तर साडेपंचेचाळीस लाख घनफूट होतात. खडी-वाळूचा व्यवहार करणाऱ्यांच्या भाषेत साडेपंचेचाळीस हजार ब्रास. काळ्या पाषाणाचं वजन घनफुटाला 80 किलोच्या आसपास धरा. आले 3 लाख 64 हजार टन. म्हणजे अख्खा खड्डा पेटीसारखा चौकोनी, सगळीकडे सारखाच खोल आणि आतून पूर्ण रिकामा मानला तरी 4 लाख भरत नाहीत. प्रत्यक्षात डोंगर पुढच्या बाजूला उतरत येतो, म्हणजे तिथे खोदाई कितीतरी कमी. आणि आत एक अख्खं मंदिर, दोन ध्वजस्तंभ नि हत्ती दगडाचेच उभे आहेत, ते कुणी काढलेले नाहीत. बाजूच्या ओवऱ्या आणि लंकेश्वर नावाचं लेणं कड्याच्या आत खोदलेत, तेवढी भर घालावी लागेल हे मान्य. पण तरीही आकडा 4 लाखांच्या बराच अलीकडे थांबतो.

बरं, द्या 4 लाख. वर्षातले 300 दिवस काम धरलं तर 18 वर्षांचे 5400 दिवस. दिवसाला 74 टन, म्हणजे सव्वानऊशे घनफूट. एका माणसाने पहार, घण, छिन्नी आणि पाचर घेऊन दिवसाला 3 घनफूट दगड फोडला असं समजा. वडार समाजातल्या, हाताने विहिरी खोदलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला हे प्रमाण विचारून बघा. तो तुमच्याकडे कसा बघतो तेही बघा. या हिशेबाने फोडणारी माणसं लागली 310. खड्ड्याचं तोंड साडेबेचाळीस हजार चौरस फुटांचं, तेव्हा प्रत्येकाला सव्वाशेहून जास्त चौरस फूट जागा मिळते, कुणाचा घण कुणाच्या डोक्यात बसत नाही. दगड वाहणारे, छिन्न्यांना धार लावणारे लोहार, पाणके, स्वयंपाकी धरून फार तर हजार माणसं. दख्खनच्या सम्राटाला हजार माणसं जड होती का?

ही 18 वर्षंसुद्धा कुठल्या शिलालेखात कोरलेली नाहीत. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण साधारण इ.स. 756 ते 773 राज्यावर होता, त्याच्या कारकिर्दीवरून हा आकडा आलेला दिसतो. मुख्य काम त्याच्या काळातलं यावर बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे, पण सुरुवात त्याच्या आधीच्या दंतिदुर्गाने केली का आणि भोवतालचे भाग पुढच्या राजांनी किती वाढवले यावर वाद आहेत. 18 वर्षांत कुलूप लावून ठेकेदार घरी गेला, असं झालेलं नाही.

आणि 'माणसाने केलं नाही' म्हणणाऱ्यांनी बडोद्याचा ताम्रपट तरी वाचावा. राष्ट्रकूटांच्याच गुजरात शाखेतल्या कर्काने इ.स. 812-13 च्या सुमारास तो दिला. कृष्णराजाने एलापुराच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरात बांधवलेल्या अद्भुत मंदिराचं त्यात वर्णन आहे. आकाशातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले, असं कवी म्हणतो; पण मला त्याच्या पुढची ओळ जास्त आवडते. ज्या शिल्पकाराने ते घडवलं तोही आश्चर्यात पडला, आपण हे कसं केलं आणि असं पुन्हा आपल्या हातून होणार नाही, या भावनेने. काम होऊन जेमतेम पन्नासेक वर्षं झालेली असतानाची ही नोंद आहे. लोककथाही बघा. कृष्ण याज्ञवल्कींच्या 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात राणी शपथ घेते की मंदिराचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. सगळे कारागीर हात टेकतात आणि मग पैठणचा कोकास नावाचा कारागीर पुढे येतो. तो वरून, शिखरापासूनच सुरुवात करतो. कथा ती कथाच, पण लेणं वरून खाली खोदलंय हे सांगणाऱ्याला पक्कं माहीत होतं, आणि श्रेय त्याने पैठणच्या पाथरवटाला दिलं. आपण ते कुठल्याशा लुप्त संस्कृतीला देऊन अभिमानाने फॉरवर्ड करतोय.

यंत्राने किंवा दिव्य अस्त्राने खोदलं म्हणणाऱ्यांनी जैन लेण्यांकडेही चालत जावं. 30 नंबरचा छोटा कैलास अपुरा राहिलाय. अजिंठ्यात 24 नंबरचं लेणं असंच अर्धवट सुटलंय, खांब कसे ठोकळ्यातून बाहेर काढायचे ते तिथे पायरी-पायरीने दिसतं. भिंतींवर छिन्नीचे तिरपे चरे आहेत. डोंगर वितळवणाऱ्या संस्कृतीला पैसे आणि आश्रयदाते कमी पडत नसावेत; राजांना मात्र पडतात.

'निघालेला दगड कुठेच नाही.' वेरूळची लेणी सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या कड्यात आहेत आणि पुढे उतार नि सपाटी. तोच फुगवलेला साडेपंचेचाळीस लाख घनफूट दगड दोन किलोमीटर लांब आणि शंभर मीटर रुंद पट्ट्यात पसरला तर थर होतो सरासरी दोन फुटांचा. फोडलेला दगड फुगतो, म्हणून तीन धरा. त्यानंतर बाराशे पावसाळे झाले, बांधबंदिस्ती झाली, घरं झाली, रस्ते झाले. डोंगराच्या पायथ्याशी दगडाची कपची दिसणं हे मराठवाड्यात कुणाच्या लक्षात तरी येईल का? आणि एक राहिलंच: उरलेल्या 33 लेण्यांचा दगड कुठे गेला हे कुणीच विचारत नाही. देवगिरीचा खंदक आणि तासलेला कडा यांचाही नाही.

औरंगजेबाच्या गोष्टीवर फार वेळ घालवत नाही. 1000 माणसं आणि 3 वर्षं यांची समकालीन नोंद हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणीही दाखवत नाही. त्याच्या दरबारी इतिहासात, 'मआसिर-ए-आलमगिरी'त, वेरूळ येतं ते कौतुकाने. मूर्ती फुटलेल्या आहेत हे खरं, कैलासाच्या अंगणातल्या हत्तीची सोंड तुटलेली आहे हेही खरं. पण मग सोंड तुटते, म्हणजे दगडावर घण चालतो. मजकुराचे दोन्ही दावे इथेच पडतात: दगड इतका कठीण की माणसाला कोरता येत नाही, आणि इतका अभेद्य की फोडता येत नाही.

आता ते भुयारी शहर. इथे जरा थांबू, कारण कॅपाडोकिया म्हणजे काय हे त्या मजकूरवाल्यालाच समजलेलं नाही.

कॅपाडोकिया मध्य अनातोलियात, नेवशेहिरच्या आसपास. एर्जियेस, हसन दाग अशा ज्वालामुखींनी ओकलेली राख तिथे थरावर थर साचली आणि तिचा मऊ, सच्छिद्र दगड झाला. भूगर्भवाले त्याला टफ म्हणतात. पाऊस-वाऱ्याने तो झिजतो. जिथे वर कठीण दगडाची टोपी राहते तिथे खालचा भाग वाचतो आणि त्या प्रसिद्ध उंच सुळक्यांची नगरी उभी राहते. हा दगड साध्या हत्यारांनी पोखरता येतो आणि हवा लागली की पृष्ठभाग टणक होतो. म्हणून लोकांनी त्यात घरं, तबेले, चर्च, कबुतरखाने खोदले. कबुतरांच्या विष्ठेचं खत द्राक्षमळ्यांना जायचं. डेरिंकुयूचं भूमिगत शहर साधारण 85 मीटर खोल जातं. त्यात विहिरी, हवेचे उभे झरोके, स्वयंपाकघरं, जनावरांच्या जागा आणि आतून लोटता येणारी जात्यासारखी गोल दगडी दारं आहेत. बायझंटाईन (पूर्व रोमन) काळात अरबांच्या स्वाऱ्या आल्या की गावं खाली उतरायची. डेरिंकुयू 1969 पासून पर्यटकांना खुलं आहे.

आपल्याकडे राख नव्हे, लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर एकावर एक प्रवाह पसरले आणि थिजले. या काळ्या पाषाणात विहीर काढताना काय होतं ते बीड-जालन्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. अशा दगडात गावंच्या गावं खाली उतरवण्याची कुणाला गरज नव्हती. वेरूळला जे खोदलं ते देवासाठी आणि भिक्षूंसाठी, उघड्या कड्यात, दरवाजा पश्चिमेला करून. मऊ दगड आपल्याकडेही आहे: औसा तालुक्यातली खरोसा लेणी बघा, शिल्पं झिजून गेलीत.

मग वेरूळची ती 'हवेची भोकं'? जमिनीतले चौकोनी खळगे बहुतेक दाराच्या नि खांबांच्या खुंट्यांचे, अरुंद चर पावसाचं पाणी काढून द्यायचे, आणि पाण्याने भरलेली भुयारं म्हणजे टाकी. लेण्यात राहणाऱ्या माणसाला पाणी लागतंच. माणूस सरकू शकत नाही इतक्या अरुंद बोळातून शहराची वाहतूक कशी चालायची हे मजकूर सांगत नाही. जाळी लावलेलं दार म्हणजे गुपित असं मानलं, तर पुरातत्त्व खात्याच्या प्रत्येक स्मारकाखाली एकेक शहर निघेल.

खरंच जमिनीखालचं काही बघायची हौस असेल तर देवगिरीची अंधारी आहे. शत्रूला काळोखात गोंधळवण्यासाठी कोरलेली वाट. डेरिंकुयूशी नातं सांगायचंच तर तिचं सांगा, कारण दोन्ही भीतीतून जन्मली. आणि छत्रपती संभाजीनगरच्या खालून मलिक अंबरची नहर जाते, एके काळी शहराला पाणी पाजणारी. तिच्यावर कुणी फॉरवर्ड काढत नाही.

'एकाच लुप्त संस्कृतीने खोदलं' हा दावा तर फोटो मोठा करून पाहिला तरी पडतो. कॅपाडोकियातल्या गोरेमे गावाच्या चर्चमधली भित्तिचित्रं येशूच्या आयुष्याची आहेत, बरीचशी दहाव्या-अकराव्या शतकातली. कैलासाच्या भिंतीवर रामायण आहे आणि पर्वत हलवणारा रावण. कॅपाडोकियाचे लोक लुप्तही झाले नाहीत. तिथल्या ख्रिस्ती ग्रीकांना 1923 च्या तुर्कस्तान-ग्रीस लोकसंख्या-अदलाबदलीत ग्रीसला जावं लागलं, आणि झेल्वे गावातली माणसं कडे कोसळण्याच्या भीतीने 1952 मध्ये बाहेर हलवली गेली, तोवर ती गुहांमध्ये संसार करत होती.

राहिला प्रश्न जायचं की नाही. ऐपत आणि रजा असेल तर जरूर जा. इस्तंबूलहून विमानाने कायसेरी किंवा नेवशेहिर, तिथून गोरेमे. एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे. हिवाळ्यात बर्फ असतो. गरम हवेच्या फुग्याची सफर वाऱ्यावर अवलंबून, ऐनवेळी रद्द होऊ शकते, म्हणून एकच सकाळ हातात ठेवून जाऊ नका. भूमिगत शहरात वाकून चालावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी विचार करूनच उतरावं. आणि वेरूळला दुपारनंतर जा, पश्चिमेचं ऊन आत शिरतं तेव्हा. पावसाळ्यात गेलात तर 29 नंबरपाशी, सीतेच्या नहाणीला, धबधबा मिळेल. फक्त मंगळवारी नको, त्या दिवशी वेरूळ बंद असतं. अजिंठा सोमवारी. ही दोन कुलपं मात्र खरी आहेत.