बायकोची नोकरी घालवण्याचे खात्रीशीर उपाय

अमेरिकेत एच-१बी वर, म्हणजे कंपनीने मिळवून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर, असलेल्या तमाम नवरोबांसाठी हा लेख आहे. बायको एच-४ वर, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे, तिच्याकडे ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड आहे, ती रोज सकाळी तुमच्याआधी लॉगिन करते आणि हे तुम्हाला कुठेतरी खुपतंय? मग योग्य ठिकाणी आलात. तिला घरी बसवायला भांडावं लागत नाही, की तिच्या सासूबाईंना मध्ये घालावं लागत नाही. तुम्ही फक्त काहीच करायचं नाही, बाकीचं आपोआप होतं. नुकतंच आमच्या घरी झालंय, म्हणजे उपाय तपासलेला आहे.

सुरुवात तारखेपासून. स्वतःची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, झोपेतून उठवलं तरी सांगता आली पाहिजे. दर महिन्याला ती रांग कुठवर आली ते सांगणारं व्हिसा बुलेटिन आलं की ईबी-२ आणि ईबी-३ या दोन गटांच्या तारखा शेजारी ठेवून बघायच्या, दुसऱ्यातून तिसऱ्यात डाउनग्रेड करावं का यावर मित्रांशी तासभर बोलायचं. तिच्या कार्डावरची तारीख? ती तिची तिला माहीत असेल की.

तिचा पासपोर्ट संपत आला असेल तर आधी भारतवारी उरकून घ्या, पासपोर्टचं नंतर बघू. परत येताना विमानतळावर दोघं एकाच खिडकीसमोर उभे राहाल. तुम्हाला आय-९४, म्हणजे मुक्कामाची मुदत ठरवणारी नोंद, मिळेल तुमच्या एच-१बी ची पिटिशन संपेपर्यंतची, तिला मिळेल तिच्या पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंतची. कागद कोणी हातात देत नाही, वेबसाइटवर जाऊन स्वतः काढावा लागतो, त्यामुळे तो न बघणं अगदी सोपं आहे. कपाटात तिची आय-७९७, म्हणजे मंजुरीची नोटीस आहे, तिच्यावर पुढची तारीख आहे, मग झालं तर! नंतरच्या प्रवेशाची आय-९४ धरली जाते आणि कार्ड जिवंत असूनही मुक्कामाची मुदत संपलेली असू शकते, हे यथावकाश कळेलच.

तिचे सगळे कागद 'स्कॅन न्यू फायनल २' नावाच्या एकाच फाइलमध्ये ठेवा.

आता रामबाण उपाय. "कंपनीचा वकील आहे ना, तो बघेल." हे वाक्य पाठ करा. तो बघतो, नाही असं नाही. पण तो कंपनीचं बघतो, जमलं तर तुमचं, तिचं मात्र नाही. आमच्या ह्यांचं एच-१बी चं एक्स्टेन्शन प्रीमियममध्ये, म्हणजे जादा पैसे भरून, टाकलं. तिथे कामाच्या १५ दिवसांत उत्तर मिळतं, तसं मिळालंही. अभिनंदनाची ईमेल आली. ह्यांनी ती मला फॉरवर्ड केली, वर नुसतं 'एफवायआय'. मी विचारलं, माझ्या मुक्काम वाढवण्याच्या (आय-५३९) आणि ईएडीच्या (आय-७६५) अर्जांची पावती कुठाय? तेव्हा शोधाशोध झाली. वकिलाच्या ऑफिसची पहिली ईमेल ह्यांच्या इनबॉक्समध्ये वाचलेल्यांत पडली होती. तिच्या तळाशी, सहीच्या जरा वर, बारीक अक्षरात एक ओळ होती की कुटुंबीयांचे अर्ज कंपनीच्या पॉलिसीत बसत नाहीत, ते ज्याचे त्याने करावेत.

"पण तुला तुझी तारीख माहीत नव्हती का?" हा प्रश्न मला चार ठिकाणी विचारून झालाय. माहीत होती हो! दर आठवड्याला विचारत होते, दर आठवड्याला "वकिलाकडे आहे" हे उत्तर मिळत होतं. माझ्या अर्जाला लागणारे कागद माझे नसतातच. एच-१बी ची मंजुरी यांची, पे-स्टब यांचे, यांच्या ग्रीन कार्डासाठीची आय-१४० कंपनीची. तिची प्रत मागितली तर ते "गोपनीय दस्तऐवज" म्हणतात. माझी काम करण्याची परवानगी ज्या कागदावर उभी आहे, तो मलाच दाखवता येत नाही!

पूर्वी हा ढिसाळपणा थोडाफार खपून जायचा. वेळेत नूतनीकरणाचा अर्ज टाकला की ईएडीची मुदत आपोआप वाढायची, शेवटी शेवटी तर ५४० दिवसांपर्यंत, अर्थात आय-९४ शिल्लक असेल तर. ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना ती सवलत बंद झाली. कोर्टातल्या तडजोडीमुळे नवऱ्याचा एक आणि बायकोचे दोन असे तीनही अर्ज एकत्र टाकले तर एकत्रच निकाली काढायचे, तेही जानेवारी २०२५ मध्ये संपलं. तुमचं एक्स्टेन्शन लटकलं तरी वेळेत अर्ज केला असेल तर तुम्ही २४० दिवस काम करत राहू शकता. तिला किती? शून्य. आणि तिच्या अर्जांना पैसे मोजूनही प्रीमियम मिळत नाही. म्हणजे घाई ज्याला नको त्याला पंधरा दिवस, आणि जिला हवी तिने स्टेटसचं पान रिफ्रेश करत बसायचं.

माझ्या एचआरने फार गोड ईमेल लिहिली. आय-९ ची, म्हणजे कामाच्या परवानगीची, फेरतपासणी, नवं कार्ड नाही, सबब उद्यापासून काम नाही. दोन दिवसांनी दारात रिकामा खोका आला, आत लॅपटॉपच्या मापाचा थर्माकोलचा साचा आणि परतीचं छापील लेबल. टेप बरोबर घातली नव्हती, ती मी माझ्या पैशाने आणली. वर बॉस म्हणतो, अधूनमधून फोनवर जरा मदत कर. म्हणजे फुकट! उद्या ग्रीन कार्डाच्या फॉर्मवर "विनापरवाना काम केलंत का" या प्रश्नापुढे मी काय लिहू, बॉसचं नाव?

तिला सांगा, "बरं झालं, आता मस्त आराम कर."

"एवढं काय, भारतात जाऊन पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग करून ये" हेही सुचवून बघा. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी बरोबर एच-४ वाल्यांचीही सोशल मीडिया तपासणी सुरू झाली आणि कित्येकांच्या अपॉइंटमेंटा काही महिने पुढे ढकलल्या गेल्या, हे ती तिकडे पोचल्यावर कळू द्या.

एल-२ वर, म्हणजे कंपनीने बदलीवर पाठवलेल्यांच्या जोडीदारांच्या व्हिसावर, असलेल्या मैत्रिणीकडे तिला नेऊ नका. नोव्हेंबर २०२१ पासून त्या बायकांना वेगळं कार्डच लागत नाही, आय-९४ पुरते. उगाच तुलना होते.

आणि हो, ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एच-४ ईएडीविरुद्धची याचिका ऐकायला नकार दिला, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी "वाचलो!" म्हणून मेसेज टाकले होते ना? कोण वाचलं? २०१५ साली आलेला नियम कोर्टात दहा वर्षं टिकला, आणि आमच्या घरी एका न वाचलेल्या ईमेलमध्ये मेला.

लाज वाटते का थोडी? सर्व्हरचं सर्टिफिकेट संपायच्या आधी तीन-तीन अलर्ट लावता, रात्री दोनला उठून फोन घेता. बायकोच्या कार्डासाठी कॅलेंडरमध्ये एक नोंद नाही? एच-१बी चं एक्स्टेन्शन सहा महिने आधी टाकता येतं, ईएडीचं नूतनीकरण १८० दिवस आधी. दोन्ही एकाच वेळी सुरू होतं, मग तीनही अर्ज एकत्र का नाही गेले? वकिलाला एक ओळ लिहून विचारायला काय होतं, "माझ्या कुटुंबाचे अर्ज कोण करणार?" कंपनी नाही म्हणाली तर खिशातून भरा. आय-७६५ ऑनलाइन ४७० डॉलर आणि कागदावर ५२०, तिचा एका पंधरवड्याचा पगार याच्या कितीतरी पट होता. आय-१४० ची प्रत देत नसतील तर निदान रिसिट नंबर तरी मागून घ्या.

ज्या घरी एच-१बी बायकोचा आणि एच-४ नवऱ्याचा आहे, तिथल्या बायकांनी हसू नये. हे तुम्हालाही लागू आहे.

आज रात्री सीबीपीच्या, म्हणजे विमानतळावर शिक्का मारणाऱ्या खात्याच्या, साइटवर जा आणि घरातल्या प्रत्येकाची आय-९४ काढा, पोरांचीसुद्धा. पासपोर्टांच्या तारखा शेजारी लिहा. आणि "अगं, तुझा पासपोर्ट कुठे ठेवलास?" असं तिला ओरडून विचारायचं नाही. उठायचं आणि शोधायचा.