सव्वा किलोचा लॅपटॉप: काय विचार करायचा तो घेण्याआधीच करा

ॲडमिशनचे दिवस आले की बेळगावातल्या लॅपटॉपच्या दुकानांत एकच संवाद ऐकू येतो. पोरगी एका हातात लॅपटॉप तोलून बघते आणि वडील विचारतात, "हलका हाय, खरं टिकंल काय?" (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', हे पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी.) टिकतो की. पातळ लॅपटॉप लवकर मोडतो हा समज जुना झाला. त्याची खरी अडचण अशी की तो घेतला तसाच राहतो. नंतर त्यात काही वाढवता येत नाही आणि बिघडला तर एक सुटा भाग बदलून भागत नाही.

आधी त्याचं जे चांगलं आहे ते सांगून टाकू. खानापूर किंवा निपाणीहून रोज लाल बसनं येणाऱ्याला वजनाचं महत्त्व शिकवावं लागत नाही. साधा पंधरा इंची लॅपटॉप १.७ ते १.९ किलोचा, वर चार्जर, डबा, बाटली, जर्नल. जागा नसेल तर हे सगळं खांद्यावर घेऊन उभं राहायचं. पातळ चौदा इंची १.२ ते १.४ किलोत येतो आणि त्याचा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर मुठीत मावतो. जड म्हणून घरीच ठेवलेल्या मशीनचा प्रोसेसर कितीही दांडगा असला तरी लेक्चरला त्याचा उपयोग शून्य.

आता रॅम, म्हणजे चालू कामं तात्पुरती ठेवायची मेमरी. बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर (कमी वीज खाणाऱ्या) जातीची रॅम थेट मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किटच्या पाटीवर, सोल्डर करून कायमची चिकटवलेली असते. कंपन्या हे निव्वळ लबाडी म्हणून करतात असं नाही. ही रॅम कमी व्होल्टेजवर चालते, बॅटरी वाचते आणि स्लॉटची जाडीही वाचते. खरं "आत्ता ८ जीबी घ्या, पुढं वाढवू की" असं काउंटरवर कुणी म्हटलं तर तिथंच मशीन चालू करायला सांगा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि 'फॉर्म फॅक्टर'समोर काय लिहिलंय ते वाचा. 'एसओडीआयएमएम' असेल तर पट्टी निघते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर विषय संपला, ती रॅम जन्माची. काही मॉडेलमध्ये अर्धी सोल्डर आणि एक रिकामा स्लॉट असतो, तो तळाचं झाकण काढूनच खात्रीनं कळतो.

सोल्डरवालं मशीन घ्यायचं तर १६ जीबीच्या खाली जाऊ नका. ८ जीबीतला थोडा वाटा अंगभूत ग्राफिक्स घेतं, मग विंडोज ११, ब्राउझरच्या दहा टॅब आणि एक ऑनलाइन मीटिंग एवढ्यात ती भरते. त्यानंतर मशीन एसएसडीलाच, म्हणजे फाइली साठवायच्या चिपलाच, रॅमसारखं वापरायला लागतं आणि नवा लॅपटॉप सहा महिन्यांत 'स्लो' होतो. एसएसडी मात्र विंडोजवाल्या पातळ मशीनमध्येही बहुतेक वेळा निघते, फक्त पट्टीची लांबी बघून घ्या. नेहमीची २२८० मापाची, म्हणजे ८० मिमी लांब. पातळात कधी ४२, कधी ३० मिमीची असते. ॲपलच्या मॅकबुक एअरमध्ये स्टोरेजसुद्धा बोर्डावरच. बोर्ड गेला की डेटाही गेलाच समजा, म्हणून त्याचा बॅकअप पहिल्या दिवसापासून.

उष्णतेचं गणित लोक सगळ्यात कमी समजून घेतात. पातळ मशीनमधले बरेच प्रोसेसर १५ वॉटच्या वर्गातले. जोर लागला की असा प्रोसेसर काही सेकंद याच्या दुप्पट, तिप्पट वीज ओढतो आणि जाहिरातीतला वेग दिसतो. पण आत तांब्याची एक चपटी नळी, बारीक पात्यांची जाळी आणि नखभर जाडीचा पंखा. एवढी उष्णता बाहेर फेकणं त्याला झेपत नाही, मग प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. सुरुवातीला शर्यतीची बैलजोडी, दहा मिनिटांनी उसानं भरलेली गाडी. तपासायचं असेल तर सिनेबेंच (प्रोसेसरचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) लावा, पहिल्या फेरीचा आकडा लिहून ठेवा आणि दहा मिनिटं सलग चालवून पुन्हा बघा. दहा-पंधरा टक्के घसरण चालते. तीस-चाळीस टक्के पडत असेल तर ते मशीन टायपिंग आणि व्हिडिओपुरतंच.

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) मेकॅनिकल-सिव्हिलच्या पोरांनी इथं थांबावं. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही डिझाइनची सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाहीत, आणि पातळ विंडोज मशीनवर मोठी असेंब्ली उघडली की पंखा रडायला लागतो. त्यांच्यासाठी २.३ किलोचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला ठोकळाच बरा. कॉम्प्युटर सायन्स, बीकॉम, बीए, बीएड करणाऱ्यांना पातळ पुरतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) लॅपटॉप न्यायचा असेल तर गोष्ट वेगळीच. तिथल्या हवेत वाळूची आणि लोखंडाची पूड असते. तळाच्या जाळीतून पंखा ती आत ओढतो, पात्यांमध्ये ती नमदा होऊन बसते, आणि लोखंडाची पूड वीजवाहक असल्यानं बोर्डावर पडली तर शॉर्टचा धोका. अशा जागी माझं मत उलट आहे: पंखाच नसलेलं मशीन न्या. मॅकबुक एअरमध्ये २०२० च्या एम१ पासून पंखा नाही. जड कामाला ते मंदावतं, पण धूळ ओढून घेत नाही. खानापूरकडच्या तांबड्या मातीलाही हेच लागू. पंखावालं असेल तर वर्षातून एकदा झाकण काढून साफ करायचं आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर तो सुसाट फिरून बेअरिंग जातं.

बॅटरी. पातळ मशीनमध्ये ती चपट्या पाकिटासारखी, टचपॅडच्या आसपास पसरलेली. दिवसरात्र चार्जरला लावून, त्यात गरम झाली की ती फुगते. लक्षण सोपं आहे. लॅपटॉप बंद करून सपाट फरशीवर ठेवा आणि एका कोपऱ्यावर दाबा. डुलतोय? टचपॅडचं क्लिक कडक झालंय? लगेच चार्जर काढा, वापर थांबवा आणि बॅटरी बदलून घ्या. टाचणी मारून हवा काढायचा उद्योग कुणी करू नये, आग लागते. सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती चालू ठेवली की बॅटरीचं आयुष्य वाढतं. सेकंडहँड घेताना कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी', स्पेस, स्लॅश, 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करा. जी फाइल बनते तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे मिळतात. ५०,००० चे ४१,००० उरले असतील तर ८२ टक्के, ठीक आहे. ३०,००० वर असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

धातूच्या बॉडीवरून बोट फिरवताना मुंग्या आल्यासारखं झालं तर घाबरू नका. टू-पिन चार्जरमधून किंचित गळती बॉडीवर येते आणि जुन्या घरांत अर्थिंगही धड नसतं. थ्री-पिन चार्जर आणि चालू अर्थिंगचा प्लग मिळाला की मुंग्या थांबतात.

पतसंस्थेत किंवा दुकानात टॅली मारणाऱ्यांनी चौदा इंचीच्या मोहात पडू नये, नंबर पॅड नसतो. यूएसबीचा वेगळा मिळतो, पण मग हलकेपणा कुठं राहिला? मराठी-कन्नड दोन्ही टायपिंग लागणाऱ्यांना इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या समान कीबोर्ड मांडणीमुळं अडचण नाही, दोन्हीकडं 'क' एकाच बटणावर. डीटीपीवाल्यांनी जुन्या बिगर-युनिकोड फाँटच्या कामासाठी मॅक घेऊ नये. आर्म प्रोसेसरवाले (मोबाइलसारख्या जातीची चिप असलेले) नवे विंडोज लॅपटॉप बॅटरीला झकास आहेत, पण त्यांना ड्रायव्हर वेगळे लागतात. जुना प्रिंटर आणि डिजिटल सहीचं डीएससी टोकन (यूएसबीत लावायचं) आधी जोडून बघा.

पावसात रिक्षातून उतरेपर्यंत बॅग भिजते, आणि कणकुंबी-जांबोटीकडं तर विचारूच नका. आत एक जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा. कीबोर्डवर पाणी पडलं तर पातळ मशीनमध्ये निव्वळ कीबोर्ड बहुतेक बदलता येत नाही. तो बारीक रिव्हेटांनी वरच्या पत्र्याला ठोकलेला असतो, अख्खा पत्राच बदलावा लागतो. साधी वॉरंटी पाण्याला लागू नसते, म्हणून अपघाती नुकसानीचं कव्हर वेगळं घेणं मी या वर्गात खर्च मानत नाही.

आणि 'ऑनसाइट सर्व्हिस' असं लिहिलेलं असेल तर बिल करण्याआधी आपला पिनकोड सांगून विचारा. शहरात ५९०००१ ला इंजिनिअर घरी येतो म्हणून खानापुरात ५९१३०२ ला येईलच असं नाही. होय म्हणाले तर तेवढं लिहून घ्या.