घराभोवती चर खणू नका!

"भूकंपानंतर भिंतीला चीर पडली म्हणजे पाया गेला. घराभोवती तीन फूट खोल चर खणा, सिमेंटचं पाणी सोडा, घर कायमचं भूकंपमुक्त." बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. सोबत "जवळचा पावागड डोंगर धक्के अडवतो" आणि "नव्या फ्लॅटला भीती नाही" हेही. फिरेना का, म्हटलं असतं. पण दांडिया बाजारातल्या माझ्या काकांनी तो वाचून कडियाला, म्हणजे गवंड्याला, विसारही देऊन टाकला.

आधी तो चर. जुन्या घराचा पाया म्हणजे विटा-दगडांची रुंद भिंतच, दोन्ही बाजूंच्या मातीनं आवळून धरलेली. ती माती सगळीकडून एकदम काढली तर भूकंपाची वाट बघायची गरज नाही, घर आपणच बसेल. पायाखाली खरंच भर घालायची असेल तर मीटर-सव्वा मीटरचे तुकडे आखतात, भिंतीला टेकू देतात, एकाआड एक तुकडा खणतात आणि भरलेला पक्का झाल्यावरच शेजारचा उघडतात. कडियाला एवढंच विचारा, एका वेळी किती लांबी खणणार? "सगळी" म्हणाला तर विसार बुडाला तरी चालेल.

आणि सिमेंटचं पाणी? आपली काळी माती इतकी बारीक की सिमेंटचे कण तिच्यात शिरतच नाहीत. शिरतं ते पाणी. ते प्याली की ही माती फुगते, पाया उचलते. म्हणजे पदरचे पैसे घालून नव्या चिरा.

मुळात काकांच्या घरातली चीर भूकंपाची नाहीच. वैशाखात तिच्यात रुपयाचं नाणं जातं, श्रावणात ती मिटते. हा काळ्या मातीचा खेळ. भूकंपाची चीर बहुधा दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर तिरपी, फुलीसारखी येते, नाहीतर कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटतात. शंका असेल तर चिरेवर काचेची पट्टी आडवी पक्की चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलतेय. पुट्टी-रंग फासून काय होणार?

सिमेंट भरण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, हे नाइलाजानं कबूल. पण ते भिंतीत, मातीत नव्हे. आयएस १३९३५ हे भारतीय मानक अशाच घरांच्या दुरुस्तीसाठी आहे. चिरांत दाबानं पातळ कालवलेलं सिमेंट भरा, दगडी भिंतीचे आतले-बाहेरचे थर आरपार दुव्यांनी बांधा, तारेची जाळी आणि सिमेंटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरवा. सगळा भर भिंती एकमेकींना बांधण्यावर. १९९३ साली किल्लारीत हातभर जाडीच्या भिंती कोसळल्या त्या थर सुटे, सांध्यांत चिखल आणि वर मातीच्या धाब्याचं ओझं म्हणून.

"पावागड धक्के अडवतो" यावर काय बोलायचं! १९७० साली शेजारच्या भरूचमध्ये भूकंपानं माणसं मेली, तेव्हाही पावागड जागेवरच होता. २०१६ च्या भूकंप-मानकात बडोदा तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आहे. किल्लारी तर भूकंपापूर्वी सगळ्यांत कमी धोक्याच्या विभागात होतं.

राहिलं "नव्या फ्लॅटला भीती नाही." २००१ च्या भूकंपात भूजपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर अहमदाबादेत पडल्या त्यांत खाली नुसते खांब आणि पार्किंग असलेल्या इमारती पुष्कळ होत्या. तळाला भिंती नसल्या की सगळं हलणं त्या खांबांवर येतं. धक्क्यानंतर असा खांब तिरपा चिरलेला दिसला तर प्लास्टर मारण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा, सोसायटीची मीटिंग मागाहून घ्या.