ट्रेलरची काळी वायर म्हणजे अर्थिंग? आधी सॉकेट उघडून बघा

गेल्या रविवारी पहाटे पाचला भाच्याचा फोन. "मामा, गाडीत काहीतरी जळल्याचा वास येतोय, काय करू?" व्हॅन माजिवड्याच्या पुलाखाली, मागे ट्रेलर, ट्रेलरवर सहा सायकली आणि आत कसाऱ्याला निघालेले पाच जण. म्हटलं, आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ, मग बोल. त्याने काढली. धूर थांबला.

टोबारचं, म्हणजे ट्रेलर ओढायच्या मागच्या दांड्यावरच्या सॉकेटचं, वायरिंग त्याने स्वतःच केलं होतं. "कुठून शिकलास?" तर म्हणे, "आईने पाठवलं होतं ना." ताईने तो फॉरवर्ड मलाही पाठवला होता, खाली हात जोडलेले तीन इमोजी लावून, आणि मी न वाचताच अंगठा दाखवून मोकळा झालो होतो. भांडुपला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तेव्हाच वाचला असता तर रविवारची झोप तरी झाली असती.

आता वाचलाय. ‘टोबार वायरिंग : शोरूमची लूट थांबवा’ असं ठळक अक्षरात, आणि खाली सहा मुद्दे. मॉड्यूल, म्हणजे व्हॅन आणि ट्रेलरच्या दिव्यांमध्ये बसवायचा इलेक्ट्रॉनिक डबा, हे थोतांड आहे, २०० रुपयांत मागच्या दिव्यांच्या वायरींना निळ्या क्लिपा मारा. काळी वायर कायम अर्थ (म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी), पांढरी पार्किंग लाइटची. अर्थची वायर नाही जोडली तरी चालतं, ट्रेलर ज्यावर बसतो त्या टोबारच्या गोळ्यातून लोखंडाला लोखंड लागून अर्थ मिळतोच. फ्यूज उडत असेल तर तो कमजोर आहे, मोठा टाका. सायकल कॅरिअरला दिव्यांची गरज नसते. एलईडी लावले की सगळे प्रश्न संपले. शेवटी नेहमीचं : ‘मेकॅनिक ही माहिती तुम्हाला देणार नाहीत.’

काळ्या वायरीपासून सुरू करतो, कारण त्या दिवशीचा धूर तिथूनच निघाला.

घरातल्या बॅटरीच्या खेळण्यात काळी म्हणजे मायनस, कबूल. पण ट्रेलरचं सात पिनांचं सॉकेट म्हणजे खेळणं नव्हे. त्याला आयएसओ १७२४ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, १२ व्होल्टसाठी, आणि त्यात प्रत्येक पिनेचं काम ठरलेलं आहे. १ नंबर पिवळी, डावा इंडिकेटर. २ निळी, मागचा फॉग लॅम्प. ३ पांढरी, अर्थ. ४ हिरवी, उजवा इंडिकेटर. ५ तपकिरी, उजवा टेललॅम्प. ६ लाल, ब्रेक. ७ काळी, डावा टेललॅम्प. पांढरी अर्थ आणि काळी टेललॅम्प, म्हणजे फॉरवर्डमध्ये सांगितलंय त्याच्या बरोबर उलट. सॉकेटचं झाकण काढलं की आत प्रत्येक स्क्रूशेजारी बारीक आकडा कोरलेला दिसतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून केबल आणली तर रंग कुठले मिळतील सांगता येत नाही, तेव्हा रंगावर जाऊ नका, आकडा बघा. चष्मा लागत असेल तर चष्मा लावून बघा.

आता भाच्याने काय केलं ते बघा. व्हॅनच्या सॉकेटची काळी वायर त्याने चासीच्या, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्याच्या, बोल्टला आवळली आणि पांढरीला टेललॅम्पचा प्लस दिला. ट्रेलर तयार विकत घेतलेला, तो प्रमाणाप्रमाणे वायर केलेला, म्हणजे त्याची पांढरी थेट सांगाड्याला. शनिवारी रात्री बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ट्रेलर स्टँडवर असताना नुसता प्लग जोडून याने पार्किंग लाइट लावून बघितला. ट्रेलरचा डावा टेललॅम्प लागला, उजवा नाही. त्याने फोटो काढून मलाही पाठवला : ‘एक बल्ब गेलाय बहुतेक, बाकी ओके.’ बल्ब गेला नव्हता. सांगाड्यात प्लस शिरला होता आणि डाव्या बल्बमधून उलटा वाहत काळ्या वायरीने चासीत जात होता. बल्बला उलटसुलट कळत नाही, तो लागतो. तिथे एलईडी असता तर लागलाच नसता आणि याच्या डोक्यात निदान प्रश्न तरी आला असता.

पहाटे ट्रेलर गोळ्यावर बसवला आणि फॉरवर्डचा पुढचा मुद्दा आपोआप खरा झाला. लोखंडाला लोखंड लागलं! ट्रेलरच्या सांगाड्यातला प्लस गोळ्यातून सरळ चासीत. पार्किंग लाइट लावला, १० अँपिअरचा फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. मग ‘कमजोर फ्यूज’वाला सल्ला आठवला आणि साहेबांनी ३० चा घातला. एका फॉरवर्डमधल्या तीन वाक्यांनी मिळून ही कामगिरी केली.

मग ३० चा का उडाला नाही? कारण टेललॅम्पची वायर बारीक आणि गोळ्यावर ग्रीस. या दोघांच्या रेझिस्टन्समधून जाता जाता करंट इतकाच उरला की मोठा फ्यूज तग धरून राहिला आणि वायर मात्र शेगडीच्या कॉइलसारखी तापत गेली. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो हो, वायरीला वाचवायला असतो. त्या सर्किटमधली सगळ्यात बारीक वायर जेवढा करंट सोसते, त्याच्या आतच तो उडायला हवा. मागचं डावं ट्रिम उघडलं तेव्हा वायरीचं आवरण वितळून शेजारच्या तीन वायरींना चिकटलं होतं. त्याच्या वर हातभर अंतरावर सीटचा फोम.

वायर बरोबर जोडली आणि फक्त अर्थ सोडला, तर चालतं का? दुकानात अशा गाड्या दर महिन्याला येतात. तक्रार एकच : "ट्रेलरचे दिवे वेड्यासारखे करतात." उजवा इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा त्याच्या तालावर मिचमिचतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर मलूल होतो. करंटला परत जायला वाट हवी. पांढरी नसेल, गोळ्यावर ग्रीस, रंग किंवा गंज असेल, तर तो दुसऱ्या बल्बांमधून उलटा शिरून व्हॅनच्या दिव्यांतून घर शोधतो. ट्रेलरचे ५ वॉटचे दोन टेललॅम्प, २१ चे दोन ब्रेक आणि २१ चा एक इंडिकेटर एकदम लागले तर ७३ वॉट, म्हणजे साधारण ६ अँपिअर. हा सगळा करंट एकट्या पांढऱ्या वायरीतून परततो. आणि तीच वायर नको म्हणतात!

मॉड्यूलच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. जुनी व्हॅन, साधे बल्ब, साधा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) असेल तर मॉड्यूलशिवाय काम होतं. मी स्वतः कितीतरी केलीत, आणि शोरूममध्ये सांगतात तो आकडा ऐकून मलाही घाम फुटतो. पण तिथेही फ्लॅशर रिले काढून त्यावर काय छापलंय ते वाचावं लागतं. ‘२(४)×२१’ असेल तर तो फक्त गाडीचे बल्ब पेलतो. ट्रेलरसाठी ‘२+१(६)×२१’ असा येतो. कंसातला आकडा चारही बाजूंचे इंडिकेटर एकदम लावल्यावरचा.

नव्या व्हॅनमध्ये दिव्यांचा कारभार कंट्रोल युनिटकडे असतो. ते टेललॅम्पला सरळ १२ व्होल्ट न देता तुकड्यातुकड्याने सप्लाय देतं आणि किती करंट गेला ते मोजतं. मध्येच जास्तीचे बल्ब लटकवले की डॅशबोर्डवर एरर येते, कधी ती लाइनच बंद होते, आणि युनिट गेलं तर २०० रुपये कुठे वाचवले ते शोधत बसा. मॉड्यूल व्हॅनच्या वायरीतून फक्त इशारा घेतं, ताकद बॅटरीकडून वेगळ्या वायरीने, वेगळ्या फ्यूजमधून आणतं. चांगलं मॉड्यूल ट्रेलर जोडल्याचं ओळखून रिव्हर्सचे पार्किंग सेन्सरही गप्प करतं. नाहीतर रिव्हर्स टाकला की ते ट्रेलरलाच भिंत समजून केकाटतात.

निळ्या क्लिपांबद्दल एवढंच की ती क्लिप वायरीचं आवरण कापून आत पातं घुसवते. त्या कापातून पाणी जातं. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारी हवा. दोन पावसाळ्यांनी क्लिप उघडली तर आत तांब्याची हिरवी पूड निघते. सोल्डर करा किंवा क्रिंप करून वर गोंदवाली श्रिंक स्लीव्ह चढवा.

कॅरिअरचा मुद्दा लोकांना खरा वाटतो, कारण कॅरिअरला चाकं नसतात. पण टोबारवर तीन सायकली आडव्या अडकवा आणि वीस पावलं मागे जाऊन बघा. चाकं आणि हँडलच्या गर्दीत टेललॅम्प दिसत नाहीत, इंडिकेटर दिसत नाही, नंबर प्लेट तर नाहीच. कसाऱ्याच्या घाटात पावसाळी धुक्यात मागच्या ट्रकवाल्याने काय बघून ब्रेक मारायचा? नंबर प्लेट उचलून कॅरिअरला लावू म्हणाल तर १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट आहे, ती स्नॅप लॉकने बसवलेली असते, एकदा काढली की ते लॉक गेलं. म्हणून कॅरिअरला दिव्यांचा बोर्ड लागतो आणि त्या बोर्डाला हेच सात पिनांचं सॉकेट. आणि ट्रेलर असेल तर मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत तो स्वतःच मोटार वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी. भाच्याने ती केली होती, एवढं एक शहाणपण.

एलईडी? लोड कमी होतो, बरोबर. अर्थ त्यालाही लागतो, काळी-पांढरी त्यालाही उलटी चालत नाही, आणि नव्या व्हॅनच्या तुकड्यातुकड्याच्या सप्लायवर तो फडफडतो.

राहिलं ‘मेकॅनिक सांगणार नाहीत’. घ्या, फुकट सांगतो. ट्रेलर गोळ्यावर बसवून, प्लग जोडून एकाने मागे उभं राहायचं. आधी पार्किंग, मग डावा, उजवा, ब्रेक. मग ब्रेक दाबून धरून डावा, तसाच उजवा, शेवटी सगळं एकदम. एक दिवा लावल्यावर दुसरा मंद झाला किंवा लुकलुकला तर सरळ पांढऱ्या वायरीकडे जायचं, बल्ब बदलत बसायचं नाही.

सोमवारी संध्याकाळी दुकानासमोर भाच्याने हेच केलं. मी आत पेडलवर पाय ठेवून बसलो होतो आणि तो ट्रेलरमागून "डावा! ब्रेक! अजून ब्रेक!" ओरडत होता. रिक्षावाले थांबून बघत होते. ताईचा फोन आला तो मध्येच : "अरे, तो मेसेज मी भिशीच्या ग्रुपवर पण टाकलाय, आता काय करू?"