शास्त्रज्ञांना कसलं आलंय कम्युनिकेशन ट्रेनिंग? एका कमेंटला उत्तर

एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की संशोधन संस्थेत कम्युनिकेशनचं ट्रेनिंग म्हणजे कामाचे दिवस फुकट, डेटा पक्का असला की तोच बोलतो. मला हे अजिबात पटत नाही.

नासाच्या कोलंबिया या अवकाशयानाचंच घ्या. १६ जानेवारी २००३ ला ते उडालं आणि दीड मिनिटाच्या आत इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच इंजिनियर लोकांनी हिशोब करून नासाच्या मॅनेजरांसमोर स्लाइड्स ठेवल्या. त्यातल्या एका स्लाइडचं हेडिंग वाचलं तर वाटतं, चला, आधी फोम आदळवून घेतलेल्या टेस्टच्या डेटाप्रमाणे मार्जिन आहे, म्हणजे धोक्यापासून पुरेसं अंतर आहे, काळजी नको. आणि पार खाली, शेवटच्या ओळीत काय, तर टेस्टमधला तुकडा ३ घन इंचांचा आणि हा १९२० घन इंचांचा! ६४० पट मोठा! म्हणजे ज्या टेस्टच्या भरवशावर हेडिंग दिलं ती इथे लागूच होत नव्हती.

डेटा होता ना तिथेच? १ फेब्रुवारीला परत येताना त्याच पंखापायी यान तुटलं आणि कल्पना चावलासकट सातही जण गेले. फोमकडे वर्षानुवर्षं झालेलं दुर्लक्ष हे मोठं कारण आहेच, सगळं खापर स्लाइडवर फोडत नाहीये मी, पण चौकशी मंडळाने रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की ही स्लाइड वाचून साहेबांना हा जिवावरचा प्रश्न आहे हे न कळणं सहज शक्य होतं.

मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचं मंगळयान १९९९ मध्ये गेलं, एका टीमने आकडे पाउंडात दिले आणि दुसरीने ते न्यूटनमध्ये धरले म्हणून; हा पाउंड-न्यूटनचा घोळ सगळ्यांना पाठ आहे, पण चौकशीत नोंदवलेल्या कारणांत टीम्समधला अपुरा संवाद आणि अपुरं ट्रेनिंग हेही वेगवेगळं लिहिलंय, ते कोणी सांगत नाही.

आता फुगे फुगवायला लावणारी, टाळ्या वाजवायला लावणारी ट्रेनिंग्ज बंद करा म्हणाल तर मी तुमच्या बाजूने. मला हवंय ते वेगळं, माणसाने स्वतःचाच रिपोर्ट घेऊन बसायचं आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट पहिल्या ओळीत लिहायला शिकायचं, आणि नुकत्याच लागलेल्या पोराला भर मीटिंगमध्ये "सर, हे टेस्टच्या रेंजबाहेर आहे" असं म्हणायची सवय लावायची. त्या सरांनाही त्याच वर्गात बसवा, कारण ते वाक्य आल्यावर "मग पुढे काय करायचं?" हे त्यांनी विचारलं नाही तर पोरगं पुढच्या वेळी तोंड उघडणार नाही.