स्टिकरवरचे २५० वॉट

‘ई-बाइक’ म्हटलं की महाराष्ट्रात डोळ्यांसमोर स्कूटर येते, इथे नेदरलँड्समध्ये सायकल. राज्य सरकारने २०२५ मध्ये मंजूर केलेलं ‘ई-बाइक टॅक्सी’ धोरणही मोटरसायकल-स्कूटरबद्दलचं आहे, सायकलींशी त्याचा काही संबंध नाही. शब्दाचा हा घोळ किरकोळ वाटतो, पण मोटरच्या वॉटवरून महाराष्ट्रात जो वाद चालतो, त्यातला अर्धा गोंधळ याच घोळाचा आहे. एक बाजू म्हणते, २५० वॉटची सायकल घाट चढत नाही, मर्यादा पाचशे-साडेसातशेवर न्या, अमेरिकेत आहेच की. दुसरी म्हणते, विनापासिंगच्या या गाड्या शाळकरी पोरं चाळीसच्या वेगाने पळवतात, बंद करा. पहिली सायकलबद्दल बोलते आहे, दुसरी स्कूटरबद्दल. नियम मात्र दोन्हींना एकच.

तो नियम म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला २(यू). मोटरची ‘तीस मिनिटांची पॉवर’ ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि हे मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेलं असेल, तर ते वाहन ‘मोटार वाहन’ धरायचं नाही. पुण्यातली एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही अशा संस्थांपैकीच एक. एकदा मोटार वाहन नाही म्हटलं की पासिंग नाही, लायसन्स नाही, विमा नाही. पॅडलवाल्या सायकलीसाठी पुढे वेगळं कलम आहे: मोटरचा जोर हळूहळू कमी होत २५ ला बंद झाला पाहिजे, पॅडल थांबवलं तर त्याआधीच; ब्रेक नीट हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा.

युरोपीय संघाच्या २०१३ च्या १६८ क्रमांकाच्या नियमावलीत पॅडलच्या सायकलीची व्याख्या जवळपास हीच आहे. दोन फरक आहेत. युरोपात २५० वॉट ‘पर्यंत’ चालतात, भारतात २५० ‘पेक्षा कमी’ हवेत. म्हणजे अक्षराला धरून बसायचं तर दुकानात ‘२५० वॉट’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेली सायकल भारतीय नियमात बसतच नाही. हा वकिली कीस झाला, सोडून देऊ.

दुसरा फरक गंभीर आहे. भारतीय नियमाच्या पहिल्या दोन अटी पुऱ्या करायला पॅडल लागतच नाही. बिनपॅडलची, मूठ पिळली की पळणारी स्कूटर कागदावर ०.२५ किलोवॉटच्या आत आणि २५ च्या आत दाखवली की तीही सुटते. नेदरलँड्समध्ये मोटरने पॅडलशिवाय ताशी ६ किलोमीटरच्या वर ओढलं की ती सायकल राहत नाही. २५ च्या वेगाची तशी गाडी इथे ‘स्नॉरफीट्स’ होते: निळी नंबरप्लेट, विमा, किमान वय १६, मोपेडचं लायसन्स, आणि १ जानेवारी २०२३ पासून हेल्मेटही. महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी मे २०२२ मध्ये आरटीओंना मोहीम उघडायला लावली, ती याच भोकातून बाहेर पडलेल्या गाड्यांविरुद्ध. भोक मात्र तसंच राहिलं.

आता वॉट. ‘तीस मिनिटांची पॉवर’ म्हणजे मोटर जास्तीत जास्त किती जोर लावते ते नव्हे. अर्धा तास सतत चालवून मोटर सरासरी जेवढी देऊ शकते ती ही पॉवर, आणि ती मुख्यतः मोटर किती तापते यावर ठरते. मोजमाप उष्णतेचं आहे, ताकदीचं नाही. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्स या मोटरवर २५० वॉट लिहिलेलं असतं आणि ती चढावर ६०० वॉट किंवा त्याहूनही जास्त देते. डीजेआयची २०२४ मध्ये आलेली अव्हिनॉक्स मोटर बूस्टमध्ये थोडा वेळ १००० वॉट देते. या दोन्ही मोटरच्या सायकली युरोपात कायद्याने सायकलीच. चाकाच्या मध्यात बसवलेल्या साध्या हब मोटरचंही तेच: ३६ व्होल्टची बॅटरी, १५ अँपिअरचा कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा), म्हणजे बॅटरीतून ५४० वॉट निघतात आणि चाकाशी चारशेच्या आसपास पोचतात. तेव्हा ‘२५० वर घाट चढत नाही’ असं म्हणणाऱ्याने आधी कंट्रोलरवरचे अँपिअर वाचावेत.

घाटाचा हिशेब अवघड नाही. सायकलस्वार आणि सायकल मिळून ११० किलो, चढ ८ टक्के, वेग ताशी १२. नुसतं वर उचलायला २८७ वॉट, टायरचं घर्षण आणि हवा धरून सव्वातीनशे. साधा माणूस शंभर वॉट देतो, उरलेले सव्वादोनशे मोटरचे. म्हणजे चढते की. आता त्याच चढावर गॅसवाला घ्या. भरलेलं घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास, असे दोन कॅरिअरला लावले, सायकलही मजबूत घेतली तर एकूण १८० किलो. हिशेब ५३० वॉटवर जातो. माणसाचे शंभर वजा केले तरी मोटरला सतत ४३० द्यावे लागतात. मर्यादा खरोखर कोणाला अडते, तर याला: दूध, पाव, भाजी, सिलिंडर वाहणाऱ्याला. वाद मात्र त्याच्यासाठी क्वचितच घातला जातो.

आणि त्याच्याकडे बहुधा मागच्या चाकातली हब मोटर असते. ती चाकाच्या वेगाला बांधलेली. सायकलचे गिअर पाडले तरी तिला फायदा नाही. ताशी सात-आठच्या वेगाने चढताना बॅटरीतली निम्मी वीज सहज उष्णता होऊन जाते. हबच्या बंद डब्याला हवा लागत नाही. आधी गरम वास येतो, मग मोटर कुठवर फिरली ते सांगणारा हॉल सेन्सर जातो आणि मोटर झटके देऊ लागते. मोटरला वीज नेणाऱ्या फेज वायरचं आवरण अॅक्सलपाशी वितळून शॉर्ट होतं. आतले नायलॉनचे गिअर असतील तर त्यांचे दाते सोलून निघतात. मोटर पॅडलपाशी असलेली मिड-ड्राइव्ह गिअर वापरते, त्यामुळे सोयीच्या वेगाने फिरत राहते आणि कमी तापते. महाग पडते आणि चेन लवकर खाते, हे खरं. पण घाटासाठी २५० चे ५०० करण्याआधी मोटर कुठे बसवली आहे ते बघणं जास्त उपयोगाचं.

अमेरिकेच्या ७५० वॉटबद्दल थोडक्यात. २००२ चा तो संघीय कायदा ग्राहकाच्या वस्तूच्या सुरक्षेचा आहे. ७५० वॉटपेक्षा कमी आणि नुसत्या मोटरवर ताशी २० मैलांपेक्षा कमी, तर विक्रीच्या नियमांपुरती ती सायकल. रस्त्यावर काय चालेल ते राज्यं ठरवतात, आणि कॅलिफोर्नियाने २०२५ पासून ई-सायकलींच्या तीन वर्गांपैकी पहिल्या व तिसऱ्यातून थ्रॉटलच (मूठ पिळून पळवायची सोय) काढून टाकलं. ब्रिटननेही २०२४ मध्ये ५०० वॉट आणि थ्रॉटलचा प्रस्ताव लोकांसमोर ठेवला, नंतर गुंडाळला.

नेदरलँड्सचं उदाहरण देताना मात्र जपून. इथे पायऱ्या नीट आहेत. २५ पर्यंतची सायकल. ४५ पर्यंतची स्पीड पेडेलेक, म्हणजे पॅडलचीच पण वेगवान सायकल, जिला २०१७ पासून पिवळी नंबरप्लेट, विमा, मोपेडचं लायसन्स आणि हेल्मेट लागतं. तरीही जाड टायरच्या, लांब सीटच्या ‘फॅटबाइक’ने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. कागदावर २५० वॉट आणि २५. विकत घेतल्यावर डिस्प्लेमधली सेटिंग बदलायची, की पस्तीस-चाळीस. सप्टेंबर २०२४ मध्ये डच संसदेने फॅटबाइकसाठी किमान वय १४ आणि हेल्मेटची मागणी बहुमताने केली. मग अडलं व्याख्येवर. टायरची जाडी लिहावी तर कारखाना उद्या थोडा बारीक टायर लावेल. वॉट लिहावे तर ते आधीच २५० आहेत.

वेग वाढवण्याचे मार्ग इथले आणि तिकडचे एकच आहेत. स्वस्त कंट्रोलरमधून बाहेर आलेली एक वायर लिमिटसाठी जोडलेली असते. ती सोडली की मर्यादा गेली. डिस्प्लेमध्ये चाक २६ इंची असताना १६ इंची सांगायचं: कंट्रोलरला २५ वाटतात तेव्हा सायकल ४० वर असते, आणि डिस्प्लेही २५ च दाखवतो. तिसरा मार्ग बॅटरी बदलण्याचा. ३६ च्या जागी ४८ व्होल्ट लावले की मोटरचा फिरण्याचा वेग एक-तृतीयांशाने वाढतो. यातून चार्जरची अदलाबदल होते, आणि ती जिवावर बेतणारी आहे. ३६ व्होल्टचा पॅक ४२ ला पूर्ण भरतो, ४८ व्होल्टचा चार्जर ५४.६ देतो. बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, म्हणजे बीएमएस, चांगला असला तर वीज तोडतो. नसला तर सेल फुगतात आणि पेट घेतात. गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस-१५६ हे मानक डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झालं, पण ते नोंदणीच्या वर्गातल्या वाहनांना. ‘मोटार वाहन नाही’ म्हणून सुटलेली गाडी इथूनही सुटते.

छेडछाड केलेल्या गाडीला ‘सायकल’ हे कवच राहत नाही, हे दुकानदार सांगत नाही. ती मोटार वाहन झाली की विनालायसन्स ५,००० रुपये, विनाविमा पहिल्या वेळी २,०००. चालवणारा अल्पवयीन असला तर २०१९ च्या दुरुस्तीतलं १९९-ए कलम पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद दाखवतं. सेटिंग बदलून देणारा मात्र बहुधा नामानिराळा राहतो.

म्हणून वॉटची मर्यादा वाढवा या मागणीला माझा विरोध आहे, आणि सरसकट बंदीलाही. २५ चा वेग तसाच ठेवावा. पॅडल सर्वांना सक्तीचं करावं. ज्याला पॅडल नको, त्याने नंबरप्लेट घ्यावी. माल वाहणाऱ्या सायकलींना तेवढी पॉवर वाढवून द्यावी, वेग वाढवून नव्हे. युरोपात १००० वॉट आणि २५ च्या वेगाचा ‘एल१ई-ए’ असा वर्ग आहे, पण त्याला मंजुरीचे सोपस्कार इतके की फारसं कुणी तिकडे फिरकत नाही. भारताने तो सोपा करून घ्यावा. आणि तपासणी स्टिकरची नको, चाकाची हवी. डच पोलीस रस्त्याकडेला रोलर मांडतात, चालणारं चाक त्यावर ठेवतात आणि मोटर कुठल्या वेगाला हात काढून घेते ते बघतात. पुण्यातल्या प्रयोगशाळेत एक नमुना पास झाला, म्हणून दुकानातली हजारावी सायकल तशीच असेल याची हमी कोण देणार?

रोलर नसला तरी घरी बघता येतं. सायकल स्टँडवर लावून मागचं चाक अधांतरी करा, एका आरीला पांढरा दोरा बांधा, हाताने पॅडल फिरवत मोटर पूर्ण चालू द्या आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दहा सेकंद टिपा. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०६ मीटर, ताशी २५ म्हणजे दहा सेकंदांत ३३-३४ फेरे. दोरा पन्नासच्या पुढे गेला, तर डिस्प्ले काय दाखवतो हे बघण्यात अर्थ नाही.