टोकियो कसं विसरलात?

२०२४ मध्ये ओरलँडो प्राइड या अमेरिकी फुटबॉल क्लबकडे गेल्यावर झांबियाची बार्ब्रा बांडा जगाला कळली, हे तुमच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सने झांबियाला १०-३ असं धुतलं, तेव्हा ते तिन्ही गोल हिचेच होते; त्यातले दोन तर ८२व्या आणि ८३व्या मिनिटाला. सामना कधीच हातचा गेलेला, पण कर्णधार धावतेच आहे! मी पाहिलाय तो सामना. पुढच्याच लढतीत चीनशी ४-४ बरोबरी, पुन्हा हिची हॅटट्रिक.

आणि २०२२ चं काय? महिला गटात खेळण्याच्या पात्रतेच्या वादातून तिला आफ्रिकी करंडकाबाहेर ठेवलं, त्यावर एक ओळही नाही. वर्षभरात हीच मुलगी विश्वचषकात खेळली आणि कोस्टारिकाविरुद्ध गोलही केला.